सेसार बोएक

सेसार पीटर म्योलर बोएक (२८ सप्टेंबर १८४५ – १७ मार्च १९१७) हे नॉर्वेजियन त्वचारोगतज्ज्ञ होते. सार्कॉइडोसिस या रोगाचे ऊतींच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीवर आधारलेले वर्णन त्यांनी १८९९ मध्ये प्रसिद्ध केले. रोगाचे आजचे नावही त्यांनी वापरलेल्या शब्दावरूनच रूढ झाले.

== जीवन ==
बोएक यांचा जन्म नॉर्वेतील लिअर येथे झाला. कुष्ठरोगाचे अभ्यासक कार्ल विल्हेल्म बोएक हे त्यांचे काका होत. १८७१ मध्ये वैद्यकीय पदवी घेतल्यावर ते त्वचारोगशास्त्राकडे वळले. १८८९ मध्ये क्रिस्तियानिया (आताचे ओस्लो) येथील रिक्सहॉस्पिटालच्या त्वचारोग विभागाचे ते प्रमुख झाले. पुढे ते विद्यापीठात प्राध्यापकही होते.

== सार्कॉइडोसिस ==
बोएक यांच्याकडे आलेल्या एका पोलीस शिपायाच्या त्वचेवर अनेक गाठी उठल्या होत्या आणि लसीकाग्रंथीही सुजल्या होत्या. बोएक यांनी त्वचेचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. पेशींची रचना त्यांना सार्कोमा या कर्करोगासारखी भासली. मात्र रोगाचे स्वरूप मारक नव्हते. म्हणून त्यांनी या गाठींना सौम्य ‘सार्कॉइड’, म्हणजे सार्कोमासदृश, असे संबोधले. या गाठी वास्तविक अर्बुदे नसून दाहातून निर्माण होणारी कणार्बुदे (ग्रॅन्युलोमा) असतात. हे पुढे स्पष्ट झाले, तरी नाव तेच राहिले. हा विकार क्षयरोगाशी संबंधित असावा, असे बोएक यांचे मत होते.

ब्रिटनचे जोनाथन हचिन्सन व फ्रान्सचे एर्नेस्त बेनिए यांनी त्यापूर्वीच या रोगाची त्वचेवरील लक्षणे नोंदवली होती. ही भिन्न वाटणारी लक्षणे एकाच सर्वांगीण रोगाची आहेत, हे स्वीडनच्या यॉर्गेन शाउमान यांनी दाखवले. त्यामुळे हा रोग बेनिए-बोएक-शाउमान रोग या नावानेही ओळखला जातो.

== उपदंशाचे रुग्ण ==
उपदंशावर तेव्हा पाऱ्याचे उपचार होत. पाऱ्यामुळे शरीराच्या नैसर्गिक प्रतिकारात अडथळा येतो, अशी बोएक यांची धारणा होती. म्हणून १८९१ ते १९१० या काळात त्यांनी सुमारे २,००० रुग्णांना पारा दिला नाही. संसर्ग पसरू नये यासाठी लक्षणे ओसरेपर्यंत त्यांना रुग्णालयात ठेवले. त्यांचे उत्तराधिकारी एडविन ब्रूसगार्ड यांनी यांपैकी अनेक रुग्णांचा मागोवा घेऊन १९२९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. उपचाराविना उपदंशाची वाटचाल कशी होते, याविषयीच्या ज्ञानाचा हा एक प्रमुख आधार ठरला.

== वारसा ==
सार्कॉइडोसिसच्या निदानात ऊतींची तपासणी आजही महत्त्वाची आहे. छातीतील लसीकाग्रंथी सुजल्या असल्यास श्वासनलिकेत दुर्बीण उतरवतात आणि तिच्या टोकावरील अल्ट्रासाउंडच्या साहाय्याने ग्रंथी पाहत बारीक सुईने नमुना घेतात. त्यामुळे अनेकदा छातीवरील शस्त्रक्रिया टळते. मात्र कणार्बुदे क्षयरोगातही आढळतात. त्यामुळे केवळ ती दिसल्याने निदान पूर्ण होत नाही. लक्षणे, छातीच्या प्रतिमा व जंतुतपासणी यांचाही विचार करावा लागतो. क्षयरोगाचे प्रमाण मोठे असलेल्या भारतात हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण दोन्ही रोगांचे उपचार वेगळे आहेत. सार्कॉइडोसिसमध्ये गरजेनुसार दिली जाणारी स्टेरॉइडे क्षयरोग बळावण्यास कारणीभूत होऊ शकतात.