बाळासाहेब खेर : सॉलिसिटर ते मुख्यमंत्री

बाळ गंगाधर खेर यांचे चरित्र वाचताना त्यांचा व्यवसाय प्रथम समजून घेणे आवश्यक आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत त्या काळी वकिलीचे काम दोघांत विभागलेले असे. पक्षकाराचे म्हणणे ऐकणे, कागदपत्रे तपासणे, दाव्याची लेखी मांडणी करणे हे काम सॉलिसिटरचे, तर न्यायाधीशांपुढे उभे राहून बोलणे हे बॅरिस्टरचे किंवा अ‍ॅडव्होकेटचे. जिना, जयकर, भुलाभाई देसाई ही बोलणाऱ्यांची परंपरा होय. खेर मात्र मसुदा करणाऱ्यांपैकी होते. त्यांच्या राजकारणाचे बळ आणि त्याची मर्यादा या दोहोंचे मूळ मला येथे दिसते.

२४ ऑगस्ट १८८८ रोजी रत्नागिरी येथे त्यांचा जन्म झाला. विल्सन महाविद्यालयातून १९०८ मध्ये ते पदवीधर झाले. संस्कृत हा त्यांचा आवडीचा विषय होता. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बीमन यांची दृष्टी अधू झाली होती. त्यांना कागद वाचून दाखविण्याचे काम तरुण खेरांनी काही वर्षे केले. निवाडा घडतो कसा, हे इतक्या जवळून पाहण्याची संधी फार थोड्यांना मिळते. पुढे मणिलाल यांच्या भागीदारीत त्यांनी सॉलिसिटरची पेढी चालविली. स्वराज पक्षाच्या मुंबई शाखेचे चिटणीसपद, सविनय कायदेभंगातील कारावास असा त्यांचा सार्वजनिक जीवनातील प्रवास पेढीच्या बरोबरीने होत राहिला.

१९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबई इलाख्याचे नेतृत्व नरिमन यांच्याकडे जाईल अशी अनेकांची अपेक्षा होती. काँग्रेसच्या आमदारांनी निवडले ते खेरांना. वल्लभभाई पटेलांनी आपल्याला डावलले, अशी नरिमन यांची तक्रार होती. चौकशीचा निर्णय त्यांच्या विरुद्ध गेला, तरी वादाची कटुता उरलीच. जुलै १९३७ मध्ये खेरांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. इलाख्याच्या मुख्यमंत्र्यास त्या वेळी पंतप्रधान म्हणत, हे जुनी वृत्तपत्रे वाचताना ध्यानात असू द्यावे. शिक्षण खाते खेरांनी स्वतःकडे ठेवले. प्रौढांच्या साक्षरतेची मोहीम याच काळात सरकारी पातळीवर उभी राहिली.

या मंत्रिमंडळाची खरी कसोटी खोतीच्या प्रश्नावर लागली. कोकणात सरकार आणि कूळ यांच्यामध्ये सारा वसूल करणारा खोत असे आणि कुळांचे जिणे त्याच्या मर्जीवर चाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक विधिमंडळात मांडले. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर आला. मुख्यमंत्री स्वतः रत्नागिरीचे, म्हणजे खोतीच्याच मुलखातले. तरीही विधेयक संमत झाले नाही. त्याच वर्षी आलेल्या औद्योगिक कलह कायद्याविरुद्ध ७ नोव्हेंबर रोजी आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप घडविला. दोन्ही पक्षांचे हितसंबंध तोलून मग कलम लिहिणे हा सॉलिसिटरचा गुण खरा. परंतु एक पक्ष पिढ्यान्‌पिढ्या दबलेला असेल, तर असे तोलणेही त्याच्यावर अन्यायच करते.

नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. १९४६ मध्ये खेर पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि १९५२ पर्यंत त्या पदावर राहिले. हरिजनांना मंदिरप्रवेशाचा हक्क देणारा कायदा १९४७ चा, कूळकायदा १९४८ चा. खोती नष्ट करणारा कायदा अखेर १९४९ मध्ये झाला, आंबेडकरांच्या विधेयकानंतर बारा वर्षांनी. पुणे विद्यापीठाची स्थापनाही याच कारकिर्दीतली. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता आणि येथील उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. त्यामुळे खेरांचे कायदे व शाळा आपल्या आजोबा-पणजोबांच्या वाट्याला आल्या नाहीत.

शाळेतील इंग्रजी आठवीपासून सुरू करण्याचा त्यांच्या सरकारचा निर्णय आजही वादाचा विषय आहे. मातृभाषेचा पाया आधी पक्का व्हावा, हा त्यामागील विचार भाषाशास्त्राला मानवणारा आहे. व्यवहारात मात्र इंग्रजीचा लाभ ज्यांना घरातून मिळत होता ते पुढे गेले, आणि केवळ शाळेवर अवलंबून असलेली मुले मागे पडली.

लंडन येथील उच्चायुक्तपदावरून परतल्यावर, १९५५ मध्ये, राजभाषा आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. संविधानाच्या ३४४ व्या अनुच्छेदानुसार नेमलेला हा आयोग. कोट्यवधी लोकांच्या लोकशाहीचा कारभार इंग्रजीत चालू शकत नाही, केंद्रासाठी हिंदी आणि राज्यांसाठी प्रादेशिक भाषा हवी, असा त्याच्या अहवालाचा कल होता. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी आणि पी. सुब्बरायन यांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या. हिंदीतर भाषकांवर अन्याय होईल, ही भीती त्यांत होती. अभ्यासकाने मूळ अहवालाइतक्याच काळजीने त्याही वाचाव्यात. १९५६ मध्ये अहवाल सादर झाला. त्याच वर्षी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. अहवालाचा विचार करणाऱ्या संसदीय समितीने आपले मत १९५९ मध्ये दिले, पण ८ मार्च १९५७ रोजीच खेरांचे पुण्यात निधन झाले होते.