राशोलच्या चर्चमधील पुराणिक

गोमंतकातील साष्टी प्रांतात, जुवारी नदीच्या काठी, राशोल नावाचे लहानसे गाव आहे. स्थानिक लोक त्यास रायतूर म्हणतात. तेथील मेरीमातेच्या पुरातन चर्चशी फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव निगडित आहे. ओवीच्या आधारावर ज्यांचे कीर्तन उभे राहते, त्या आम्हांस या परधर्मीय ओवीकाराचे चरित्र कथन करणे अगत्याचे वाटते.

स्टीफन्स यांचा जन्म 1549 च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशर परगण्यात झाला. रोम येथे ते जेझुइट संघात प्रविष्ट झाले आणि 1579 च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघून ऑक्टोबरात गोव्यास पोहोचले. पुढील सुमारे चाळीस वर्षे त्यांनी बहुतांशी साष्टीतच व्यतीत केली.

तो काळ आपल्या लोकांस अत्यंत क्लेशाचा होता. 1567 साली साष्टीतील देवालये उद्ध्वस्त करण्यात आली होती. कुठ्ठाळीचा श्रीमंगेश आणि केळशीची श्रीशांतादुर्गा यांस भाविकांनी नदीपलीकडे फोंडे महालात नेले. 1583 साली कुंकळ्ळीच्या संतप्त ग्रामस्थांनी पाच धर्मोपदेशकांस ठार केले. त्यांचे देह राशोलच्या चर्चमध्ये पुरण्यात आले. त्यानंतर वाटाघाटीच्या निमित्ताने बोलावून गावच्या प्रमुखांचा असोळणे येथील किल्ल्यात वध करण्यात आला. स्टीफन्स त्याच सत्तेच्या छत्राखाली धर्मप्रसार करीत होते, हे विसरून चालणार नाही.

परंतु देवालये पाडता आली, तरी श्रोत्यांच्या कानांतील ओवी कोणास काढून घेता आली नाही. नवख्रिस्ती झालेल्यांस पूर्वीची पुराणे वर्ज्य झाली होती. त्यांच्या जागी तशाच तोलाचे दुसरे पुराण द्यावे, अशी त्यांच्यातीलच एका ब्राह्मणाने केलेली मागणी स्टीफन्स यांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभी नमूद केली आहे. ती पुरविण्यासाठी त्यांना आपल्याच पुराणिकांचे शिष्यत्व पत्करावे लागले. मराठीचा मनःपूर्वक गौरव करून त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचिले. त्याचे दोन भाग असून दुसऱ्यात येशूचे चरित्र आहे. 1616 साली राशोल येथे ते रोमन लिपीत छापले गेले.

1619 साली गोव्यातच त्यांचा देह पडला. त्यांचे कोकणी भाषेचे व्याकरण त्यांच्या पश्चात 1640 साली राशोल येथेच प्रसिद्ध झाले. पुराणाच्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांच्या आधारे 1907 साली मंगळूर येथे ते पुन्हा छापले गेले, तर 1956 साली पुण्यात देवनागरीत अवतरले.

वाचकहो, पूर्वजांनी सोसलेले दुःख आम्ही विस्मरत नाही. तथापि ज्या मराठी ओवीने ज्ञानदेवांची वाणी घरोघरी पोहोचविली, तिच्याच आश्रयास सातासमुद्रांपलीकडचा धर्मोपदेशक आला, हा आपल्या भाषेचा महिमा आम्ही आदराने स्मरतो.