बडा शिमला टेकडीवर स्लीमन

ठगांचा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी म्हणून विल्यम हेन्री स्लीमन यांचे नाव सर्वपरिचित आहे. मात्र ठगांविरुद्धची मोहीम सुरू होण्यापूर्वी, १८२८ मध्ये, जबलपूरजवळच्या एका टेकडीवर त्यांच्या हातून घडलेले कार्य त्या कीर्तीच्या छायेत झाकले गेले. आशिया खंडात डायनासोरच्या अस्थी प्रथम सापडल्या, त्या या टेकडीवर.

इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात ८ ऑगस्ट १७८८ रोजी स्लीमन यांचा जन्म झाला. १८०९ मध्ये ते बंगालच्या सैन्यात भरती होऊन भारतात आले. नेपाळ युद्धात त्यांनी भाग घेतला. नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यातील नर्मदाखोरे १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेले आणि दोन वर्षांनी स्लीमन यांची नेमणूक सागर-नर्मदा प्रांताच्या मुलकी कारभारात झाली. नरसिंहपूरनंतर ते जबलपूरला आले.

जबलपूर छावणीलगत बडा शिमला नावाची टेकडी आहे. उंची फारशी नसली तरी तिच्या उतारावर कोट्यवधी वर्षांचा इतिहास थरांनी मांडलेला आहे. पायथ्याशी हिरवट वालुकाश्म, त्यावर चुनखडी, मग गाठाळ, चित्रविचित्र रंगांचा खडक आणि माथ्यावर काळा बेसाल्ट. हा बेसाल्ट म्हणजे सह्याद्रीचे कडे चढणाऱ्यांच्या नित्य परिचयाचा कातळच होय. दख्खनच्या ज्वालामुखीचा लाव्हा येथवर पसरला होता. त्याच्याखालील थरांना पुढे नर्मदेवरील लमेटा घाटावरून लमेटा हे नाव मिळाले. त्यांचे वय सुमारे सात कोटी वर्षे आहे.

स्लीमन यांना दगडांचा विलक्षण नाद होता. भूशास्त्राचे रीतसर शिक्षण नसतानाही ते प्रदेश पायाखाली घालून निरीक्षण करीत. या टेकडीवर त्यांना अश्मीभूत लाकडांबरोबर मोठ्या प्राण्याच्या शेपटीचे मणके मिळाले. तो प्राणी कोणता, हे त्या वेळी कोणालाही सांगता आले नसते. डायनासोर ही संज्ञाच रिचर्ड ओवेन यांनी १८४२ मध्ये रूढ केली.

हे मणके जबलपूरचे शल्यचिकित्सक स्पिल्सबरी यांच्यामार्फत कलकत्त्यात जेम्स प्रिन्सेप यांच्या नजरेस आले. १८६२ मध्ये थॉमस ओल्डहॅम यांनी ते भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात आणले. अखेर १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी या प्राण्याचे टायटॅनोसॉरस इंडिकस असे नामकरण केले. ते पाहण्यास स्लीमन हयात नव्हते.

दरम्यानच्या काळात स्लीमन यांचे आयुष्य वेगळ्याच दिशेने गेले होते. १८३५ मध्ये ते ठगीविरोधी मोहिमेचे सर्वाधिकारी झाले. माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर त्यांनी उभारलेल्या खटल्यांविषयी आज अनेक इतिहासकार शंका व्यक्त करतात आणि ती निराधार म्हणता येणार नाही. दगडांची ओढ मात्र सुटली नाही. प्रकृतीच्या कारणास्तव रजा घेऊन नोव्हेंबर १८३५ मध्ये ते नर्मदेकाठच्या भेडाघाटहून हिमालयाकडे निघाले. त्या प्रवासावरील त्यांच्या १८४४ च्या ग्रंथात लोकजीवनाबरोबर खडक आणि मातीचीही चर्चा आहे.

पुढे ते लखनौला रेसिडेंट होते. अवधच्या कारभाराचे ते टीकाकार होते. तथापि ते राज्य खालसा करण्यास त्यांचा विरोध होता. स्वदेशी परतत असताना १० फेब्रुवारी १८५६ रोजी सिलोनजवळ समुद्रात त्यांचे निधन झाले. अवध त्याच महिन्यात खालसा झाले.

बडा शिमला टेकडीवर चार्ल्स मॅटली यांनी १९१७ ते १९१९ या काळात पुन्हा उत्खनन केले. स्लीमन यांना मिळालेल्या अस्थींचा मात्र कलकत्त्यातच ठावठिकाणा लागेनासा झाला आणि अनेक दशके अभ्यासकांना केवळ जुन्या चित्रांवर व साच्यांवर विसंबावे लागले. २०१२ मध्ये धनंजय मोहबे आणि सुभाशिस सेन यांना कोलकात्यातील संग्रहाची तपासणी करताना हा हरवलेला ठेवा पुन्हा गवसला. टायटॅनोसॉरस इंडिकस या नावाची शास्त्रीय ग्राह्यता आता संशयास्पद मानली जाते. पण त्यावरून नाव पडलेल्या टायटॅनोसॉर गटाचे जीवाश्म जगातील सर्व खंडांवर सापडले आहेत.