सुसंस्कृत कोणाला म्हणावे? अमीर अब्दुल कादिर यांचे जीवन

‘बर्बर’ हा शब्द आपण मराठीत क्रूर, रानटी या अर्थाने वापरतो. संस्कृतात मुळात तो परक्यांसाठी होता, ज्यांचे बोलणे ऐकणाऱ्याला नुसती बडबड वाटे अशांसाठी. ग्रीकांकडेही जवळपास असाच शब्द याच अर्थाने होता. अरबांनी अरबेतरांना ‘अजमी’ म्हटले, त्यातही स्पष्ट बोलता न येणारा हाच भाव होता. म्हणजे ज्याची भाषा कळत नाही तो रानटी, अशी ही जुनी खोड आहे आणि तिच्यातून कोणीच सुटलेले नाही. प्रेषित मुहंमद (स.) यांनी अखेरच्या हजच्या प्रवचनात अरबाला अरबेतरावर कोणतेही श्रेष्ठत्व नाही, श्रेष्ठत्व असेल तर ते फक्त ईशभीरुतेचे, असे बजावले ते याच खोडीवर बोट ठेवून.

युरोपने उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याला ‘बार्बरी’ असे नाव दिले होते. स्वतःला अमाझिग म्हणवणारे तिथले मूळ रहिवासी बाहेरच्यांच्या तोंडी ‘बर्बर’च राहिले. याच भूमीत, पश्चिम अल्जेरियातील मस्कारा शहराजवळ, १८०८ साली अब्दुल कादिर यांचा जन्म झाला. वडील मुहियुद्दीन कादरी सिलसिल्याचे शेख होते. आपल्याकडे ज्यांच्या नावाने ग्यारहवी शरीफ होते त्या बगदादच्या गौस पाकांचा हा सिलसिला. मुलगा कुरआन, फिकह, व्याकरण शिकला आणि घोडेस्वारीतही तरबेज झाला. वडिलांबरोबर हजला गेला तेव्हा त्याने दमास्कस आणि बगदादही पाहिले. त्याचा कल अभ्यासाकडे आणि इबादतीकडे होता.

१८३० मध्ये फ्रेंच फौज अल्जीयर्सला उतरली. रानटी मुलखात सभ्यता नेतो आहोत, असा तिचा दावा होता. १८३२ मध्ये पश्चिमेकडील टोळ्यांनी एकत्र येऊन अवघ्या २४ वर्षांच्या अब्दुल कादिर यांच्या हाती बैअत केली आणि ते अमीर झाले. पुढची १५ वर्षे त्यांनी लढा दिला. विखुरलेल्या टोळ्यांतून राज्य उभे केले. कर, न्याय, नाणी, शस्त्रांचे कारखाने, शाळा यांची घडी बसवली. १८३४ आणि १८३७ साली फ्रान्सला त्यांच्याशी तह करावे लागले.

त्या युद्धात शत्रूची मुंडकी कापून आणणे आणि त्यावर बक्षीस घेणे ही जुनी रीत होती. अमिरांनी ती बंद केली आणि कैदी जिवंत आणणाऱ्याला बक्षीस लावले. कैदी स्त्रियांची देखभाल त्यांच्या मातोश्री लल्ला जोहरा पाहत. अल्जीयर्सचे बिशप द्युप्यूश यांनी एका कैद्याच्या सुटकेसाठी पत्र पाठवले, तेव्हा अमिरांनी उलट विचारले की एकासाठीच का, सर्वांसाठी का नाही, आणि तुमच्या तुरुंगांतील मुस्लिमांचे काय? त्यातून १८४१ मध्ये कैद्यांची मोठी अदलाबदल झाली. अन्न पुरेनासे झाले तेव्हा त्यांनी काही कैदी मोबदल्याशिवायही सोडून दिले.

दुसऱ्या बाजूला जनरल ब्यूजो यांच्या फौजेने उभी पिके जाळली, धान्याची पेवे फोडली, गुरे हाकून नेली. जून १८४५ मध्ये दहरा डोंगरात उलेद रियाह टोळीची माणसे बायकामुलांसह गुहांत लपली होती. कर्नल पेलिसिए यांनी गुहांच्या तोंडाशी आगी लावल्या. शेकडो जीव धुरात गुदमरून मेले. पॅरिसमध्ये काही जणांनी या कृत्याचा धिक्कार केला. पण पेलिसिए पुढे मार्शल झाले आणि अल्जेरियाचे गव्हर्नर जनरलही.

तरीही हा हिशेब एकतर्फी मांडणे बरोबर नाही. १८४६ मध्ये अमीर दूर असताना त्यांच्याच छावणीत फ्रेंच कैद्यांची कत्तल झाली. दहशत, उपासमार आणि सूड माणसाला कुठे नेतात याचा हा दाखला त्यांच्या स्वतःच्या माणसांतला आहे, आणि त्यांच्या नावावरचा तो डाग आजही चर्चेत येतो. सभ्यता कोणत्याही जमातीच्या रक्तात नसते, हेच यातून दिसते.

डिसेंबर १८४७ मध्ये अमिरांनी शस्त्र खाली ठेवले. अट एकच होती, आपल्याला पूर्वेकडे मुस्लिम मुलखात जाऊ द्यावे. फ्रेंच सेनापतीने आणि राजपुत्राने शब्द दिला, पण सरकारने तो पाळला नाही. सुमारे पाच वर्षे ते परिवारासह फ्रान्समध्ये तूलों, पो आणि आंब्वाझ येथे कैदेत राहिले. त्यांच्यासोबतची अनेक माणसे, त्यात लहान मुलेही, आंब्वाझच्या मातीत दफन झाली. १८५२ मध्ये लुई नेपोलियन यांनी त्यांना मुक्त केले. तुर्कस्तानातील बुर्सा येथे काही काळ राहून १८५५ मध्ये ते दमास्कसला स्थायिक झाले. तिथे ते इब्न अरबी यांच्या ग्रंथांत रमले, विद्यार्थ्यांना शिकवू लागले.

जुलै १८६० मध्ये दमास्कस पेटले. लेबनॉनच्या डोंगरातील द्रूझ आणि मारोनी ख्रिश्चनांचा संघर्ष शहरात पोहोचला. जमावाने ख्रिश्चन वस्ती लुटली, जाळली, हजारो माणसे मारली. उस्मानी अधिकारी हातावर हात ठेवून बसले. ज्या माणसाची जमीन, राज्य आणि पाच वर्षांचे आयुष्य एका ख्रिश्चन सत्तेने हिरावले होते, त्याला या दिवशी सूड घ्यायला फक्त घरात बसून राहणे पुरेसे होते.

अमीर आपली अल्जेरियन माणसे घेऊन रस्त्यावर उतरले. फ्रेंच वकिलाला त्यांनी आपल्या घरी आणले. गल्लीबोळांतून ख्रिश्चन कुटुंबांना, पाद्री आणि जोगिणींना बाहेर काढले. घर भरले तेव्हा त्यांना पहाऱ्यात किल्ल्यावर पोहोचवले. जमाव दाराशी आला तेव्हा ते स्वतः समोर उभे राहिले. जिवंत ख्रिश्चन आणून देणाऱ्याला त्यांनी बक्षीस जाहीर केले. अल्जेरियातील रणांगणावरचीच ही युक्ती होती. हजारो जीव वाचले.

ज्या फ्रान्सने त्यांना कैद केले त्यानेच त्यांना ‘लीजन ऑफ ऑनर’चा मोठा सन्मान दिला. पोप आणि अब्राहम लिंकन यांच्याकडून भेटी आल्या. कॉकेशसमध्ये रशियाशी लढून कैदेत पडलेले इमाम शामिल यांनी अभिनंदनाचे पत्र पाठवले. अमिरांनी मात्र आपण शरीअतने आणि माणुसकीने घातलेले कर्तव्य केले, इतकेच कळवले. १८८३ मध्ये दमास्कस येथे त्यांचे निधन झाले. १९६२ मध्ये स्वतंत्र झालेल्या अल्जेरियाने नंतर त्यांचे अवशेष मायदेशी नेले.

एखाद्या लोकसमूहाशी असलेले वैर तुम्हाला अन्यायाकडे ढकलू नये, ही कुरआनची शिकवण आहे. वाचायला सोपी, पण वैरी हातात सापडल्यावर पाळायला फार अवघड. रोजा हाच सराव करून घेतो. भूक असते, अन्न समोर असते, कोणी पाहत नसते, तरी रोजेदार हात आवरतो. हात आवरण्याची ही ताकद अन्नापुरतीच राहिली तर महिनाभराची उपासमार तेवढी पदरात पडते. ती रागापर्यंत, सूडापर्यंत आणि दुसऱ्याला सहज ‘रानटी’ म्हणणाऱ्या जिभेपर्यंत पोहोचली, तरच रमजान आपल्याला काही शिकवून गेला असे म्हणता येईल.