शिदोरी घेऊन निघालेला संत : फिलिप नेरी

राखेचा बुधवार जवळ येऊ लागला की आपल्या गावांत एकच घाई उडते. लग्ने उरकून घ्यायची असतात, साखरपुडे राहिलेले असतात, आणि हॉलची तारीख मिळत नाही म्हणून मंडळी धर्मग्रामाच्या कार्यालयात येऊन बसतात. एकदा उपवासकाळ लागला की मग मांडव नाही आणि बँडही नाही. गोव्यात या दिवसांना इंत्रुज म्हणतात, युरोपात कार्निव्हल. नाव काहीही असो, उपवासाआधी मनसोक्त खाऊनपिऊन घ्यावे ही ओढ सगळीकडे सारखीच.

या दिवसांत धर्मगुरूंनी काय करावे, हा प्रश्न फार जुना आहे. काहींनी व्यासपीठावरून लोकांना झोडपले. काहींनी चर्चमध्ये आराधना ठेवली आणि जे आले त्यांच्यावर समाधान मानले. सोळाव्या शतकातल्या रोममध्ये मात्र एका धर्मगुरूने निराळीच युक्ती काढली. त्यांनी लोकांना डबे बांधून सहलीला नेले. ते संत फिलिप नेरी. २६ मे रोजी आपण त्यांचा सण पाळतो, परंतु त्यांची खरी ओळख व्हावी ती याच दिवसांत, असे आम्हांला वाटते.

फिलिप यांचा जन्म २१ जुलै १५१५ रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात झाला. वडील फ्रान्चेस्को नेरी दस्तऐवज लिहिण्याचे काम करीत. आई लवकर वारली. मुलगा इतका गुणी आणि हसरा की शेजारीपाजारी त्याला लाडाने भला पिप्पो म्हणत. सान मार्को येथील डॉमिनिकन मठवासीयांकडून त्याला श्रद्धेचे धडे मिळाले. अठराव्या वर्षाच्या सुमारास वडिलांनी त्याला मोन्ते कासिनोजवळ एका व्यापारी नातलगाकडे पाठविले. धंदा शिकावा आणि पुढे त्या पेढीचा वारस व्हावे, असा बेत होता. फिलिपने तो वारसा सोडला आणि खिशात फारसे काही नसताना रोमची वाट धरली.

त्या वेळचे रोम म्हणजे घाव भरत आलेले शहर होते. १५२७ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या पगार थकलेल्या सैन्याने ते लुटले होते. घरे ओस पडली, चर्चमधील पवित्र वस्तू गेल्या आणि त्याहून अधिक म्हणजे लोकांचा आपल्या धर्मगुरूंवरचा विश्वास उडाला. रोममधील बहुतेक सर्व बाप्तिस्मा घेतलेले होते, पण पुष्कळांची श्रद्धा घरातल्या जुन्या तसबिरीसारखी झाली होती: भिंतीवर आहे, नजर जात नाही. फिलिप यांना एका फ्लॉरेन्सकर जकात अधिकाऱ्याच्या घरी लहानशी खोली मिळाली. त्याच्या दोन मुलांना शिकवायचे, बदल्यात वर्षाचे धान्य. ते बेकरीवाल्याला द्यायचे आणि रोजचा पाव घ्यायचा, एवढाच संसार. या काळात त्यांनी तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांचा सुमारे तीन वर्षे अभ्यास केला आणि मग पुस्तके विकून पैसे गरिबांना वाटले. सेमिनरीत आम्हीही तत्त्वज्ञानाची पुस्तके वाचली. ती विकायला काढली असती तर रद्दीच्या भावाने एका गरिबाचाही दिवस निघाला नसता, हे खरे आहे. पण फिलिप यांनी अभ्यास टाकला तो कंटाळून नव्हे. जे शिकले ते रस्त्यावर आणायची त्यांना घाई झाली होती.

रात्री ते शहराबाहेर संत सेबास्टियन यांच्या भुयारी दफनभूमीत एकटेच प्रार्थना करीत. १५४४ साली पेंटेकॉस्टच्या आदल्या रात्री तेथे त्यांना पवित्र आत्म्याचा असा अनुभव आला की अग्नीचा गोळा आपल्या छातीत उतरला असे त्यांना जाणवले. त्यानंतर आयुष्यभर त्यांचे हृदय जोराने धडधडे, अगदी शेजारी बसलेल्याला कळावे इतके. मृत्यूनंतर वैद्यांनी पाहिले तेव्हा त्यांच्या दोन बरगड्या बाहेरच्या बाजूला मोडलेल्या आढळल्या.

दिवसा मात्र हाच माणूस बाजारपेठेत उभा असे. रोमच्या सराफ पेठेत फ्लॉरेन्सकरांच्या पेढ्या होत्या. तेथील कारकून आणि दुकानातली पोरे ही त्यांची गावकरी मंडळी. फिलिप दुकानाच्या दारात थांबत, थट्टा करीत, गावच्या गोष्टी काढीत आणि निघता निघता सहज विचारीत की चांगले काम आपण केव्हापासून सुरू करायचे. कुणी उत्साह दाखवलाच तर त्याला त्याच दिवशी इस्पितळात नेत. तेथे अंथरुणे नीट करायची, रोग्यांना भरवायचे. उपदेश नंतर, जमला तर. ते स्वतः तेव्हा प्रापंचिकच होते, धर्मगुरू व्हायचा विचारही नव्हता.

१५४८ मध्ये आपले पापनिवेदन ऐकणारे फादर पेर्सियानो रोसा यांच्या साथीने त्यांनी पवित्र त्रैक्याच्या नावाने एक बंधुसंघ काढला. १५५० हे पवित्र वर्ष होते. डोंगर उतरून, नद्या ओलांडून यात्रेकरू रोमला येत आणि चर्चच्या पायऱ्यांवर झोपत. बंधुसंघाच्या माणसांनी त्यांना घरात घेतले, त्यांचे धुळीने माखलेले पाय धुतले, ताटे वाढली, अंथरुणे घातली. बरे होऊन इस्पितळातून बाहेर पडलेल्या पण अंगात त्राण नसलेल्या रोग्यांचीही तेथेच सोय झाली. पंचवीस वर्षांनी, १५७५ च्या पवित्र वर्षात, याच बंधुसंघाने लाखाहून अधिक यात्रेकरूंचा पाहुणचार केला. सुरुवात केली होती ती मूठभर गरीब माणसांनी.

फादर रोसा यांच्या आग्रहामुळे २३ मे १५५१ रोजी फिलिप यांना गुरुदीक्षा मिळाली. तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होऊ घातले होते. सान जिरोलामो चर्चमध्ये त्यांना एक खोली मिळाली, आणि या खोलीची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. रोममध्ये दुपारच्या जेवणानंतर सगळे शहर झोपते. तरुणांना झोप येत नाही, हाताला काम नसते, आणि नको त्या वाटा याच वेळी सापडतात. फिलिप यांनी नेमकी ही वेळ निवडली. आरंभी सात-आठ जण येत. कुणी खाटेवर बसे, कुणी खिडकीत. एक जण पुस्तकातला उतारा वाची, दुसरा त्यावर आपल्या मनातले बोले, मग गप्पा, गाणे, आणि ऊन उतरल्यावर सगळे मिळून फिरायला. बोलणारे पुष्कळदा प्रापंचिक असत. दरबारात वावरलेला तारुजीसारखा ऐटबाज गृहस्थ तेथे साध्या शब्दांत बोलायला शिकला आणि पुढे कार्डिनल झाला. खोली पुरेना तेव्हा चर्चच्या माळ्यावर जागा करण्यात आली. त्या प्रार्थनेच्या जागेला ओरेटरी म्हणत. तेथे गायच्या गीतांना सेंट पीटर्समधील संगीतप्रमुख जोवान्नी अनिमुच्चा यांनी चाली दिल्या, आणि संगीतात आज ज्याला ओरेटोरियो म्हणतात त्याचे नाव या माळ्यावरून पडले.

ऋतू पाहून ते बैठक हलवीत. थंडीत आत, दिव्याच्या उजेडात. ईस्टरनंतर हवा मोकळी झाली की जानिकोलो टेकडीच्या उतारावर, झाडांखाली. तेथे गाणे होई आणि एखादा लहान मुलगा पाठ केलेले छोटेसे प्रवचन म्हणून दाखवी. मोठ्यांची प्रवचने ऐकून जांभया देणारे बापही पोराचे प्रवचन ऐकायला वेळेवर हजर राहत असतील, याबद्दल आम्हांला शंका नाही.

आणि कार्निव्हल? त्या दिवसांत रोमच्या कोर्सो रस्त्यावर मुखवटे, घोड्यांच्या शर्यती, दारू आणि मारामाऱ्या यांना ऊत येई. फिलिप यांनी मुखवट्यांविरुद्ध आरडाओरड केली नाही. त्याच आठवड्यातल्या गुरुवारी त्यांनी सात चर्चची पायी यात्रा काढली. संत पेत्र, संत पौल, संत सेबास्टियन, लॅटरनचे संत योहान, पवित्र क्रूस, संत लॉरेन्स आणि शेवटी थोरली पवित्र मरिया. वीस किलोमीटरहून अधिक चाल. यात्रा जुनीच होती, पण ओस पडली होती. फिलिप यांनी तिच्यात वादक घातले, गाणी घातली, आणि मधल्या मुक्कामी जेवण घातले. चेलियो टेकडीवर मात्तेई कुटुंबाची बाग होती. तेथे हिरवळीवर पंगती बसत. पाव, अंडे, चीज, मांसाचा एखादा काप, फळ आणि थोडा द्राक्षारस. सुरुवातीला बोटांवर मोजण्याइतके लोक होते; पुढे ही संख्या हजारांवर गेली. त्यात श्रीमंत होते, शिंपी-चांभार होते, आणि केवळ जेवणासाठी आलेलेही असणारच.

या शेवटच्या लोकांविषयी थोडे बोलले पाहिजे. खाऊ घालून धर्म सांगणे हे आमिष नव्हे काय, असे आपल्याकडे आज विचारले जाते आणि कधी कधी फार कडवटपणे विचारले जाते. नाताळात आपण शेजारच्या घरी ताट पाठवतो, दिवाळीत त्यांच्याकडून फराळ येतो. त्यात कुणी हिशेब ठेवीत नाही, म्हणून तर ते गोड लागते. आमच्या मते कसोटी एकच आहे. समोरचा माणूस चर्चमध्ये आला नाही तरी ताट जाते की नाही? जात असेल तर तो पाहुणचार. नाही तर तो सौदा. फिलिप यांच्या बागेत बसलेल्या माणसाला पापनिवेदन केल्याचा दाखला मागितला जात नव्हता. त्याने पाव खावा, गाणे ऐकावे आणि हवे तर पुढच्या चर्चपर्यंत चालावे. आपण मात्र ताट उंबरठ्यावरून देऊन परत फिरतो. शेजाऱ्याला आत बसवून, गोठा दाखवून, तो का मांडतो हे सांगायला आपल्याला संकोच वाटतो. फिलिप तेथे थांबले नसते.

हे सारे सर्वांना रुचले असे नाही. यात्रेच्या नावाखाली मेजवान्या झोडतात, गर्दी जमवून हा माणूस स्वतःचा पंथ काढतो आहे, अशा तक्रारी वर गेल्या. १५५९ मध्ये पोप चौथे पॉल यांचे रोममधील प्रतिनिधी कार्डिनल रोझारिओ यांनी फिलिप यांना बोलावून कडक शब्दांत सुनावले, काही दिवस पापनिवेदन ऐकण्यास मनाई केली आणि लोकांना घेऊन फिरण्यावर बंदी घातली. फिलिप यांनी मुकाट्याने आज्ञा पाळली. त्याच वर्षी कार्डिनल वारले, चौकशीत काही वावगे आढळले नाही आणि पोपमहोदयांनी फिलिप यांना मेणबत्त्या भेट पाठवून आपला लोभ कळविला. दहाएक वर्षांनी पुन्हा संशय उठला, तेव्हा प्रवचनांत काही पाखंड आहे का हे तपासायला डॉमिनिकन धर्मगुरू येऊन बसले. ज्यांचा हेतू सरळ असतो त्यांच्यावरही आपल्याच घरातून संशय घेतला जातो. फिलिप यांनी तो दोनदा सोसला.

त्यांच्या आयुष्यात आपल्या देशाचाही एक धागा आहे. माळ्यावरच्या बैठकींत भारतातून आलेली येशूसंघीयांची पत्रे वाचली जात. संत फ्रान्सिस झेवियर यांचे कार्य ऐकून १५५७ च्या सुमारास फिलिप आणि त्यांचे सुमारे वीस सोबती भारतात यायला निघण्याच्या बेतात होते. सल्ल्यासाठी ते त्रे फोन्ताने येथील एका सिस्टर्शियन मठवासीयांकडे गेले. उत्तर आले की त्यांचा भारत रोममध्येच आहे. फिलिप यांनी ते मानले आणि पुढे जवळजवळ चाळीस वर्षे रोम सोडले नाही. पण त्यांची ओरेटरी मात्र भारतात आली. जुन्या गोव्यात पवित्र क्रुसाच्या टेकडीवर गोमंतकीय धर्मगुरूंनी ती स्थापन केली. १६८५ मध्ये बाणावलीचे फादर जोसेफ वाझ तीत सामील झाले, आणि १६८७ मध्ये मजुराच्या वेषात श्रीलंकेत उतरून डचांच्या बंदीत लपूनछपून राहणाऱ्या कॅथलिकांना त्यांनी जगवले. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले.

रोममध्ये १५७५ साली तेरावे ग्रेगरी यांनी फिलिप यांच्या मंडळाला मान्यता दिली आणि वाल्लिचेल्लाचे मोडकळीस आलेले चर्च त्यांना दिले. ते पाडून नवे बांधले गेले. मंडळाच्या पहिल्या दिवसांत स्वयंपाक सगळ्यांनी करायचा असे. ख्रिस्तसभेचा इतिहास बारा खंडांत लिहिणारे बारोनियस यांच्या वाट्याला ती पाळी इतक्यांदा आली की आपण येथले कायमचे स्वयंपाकी आहोत असे त्यांनी भिंतीवर लिहून ठेवले. त्यांना भेटायला आलेल्या विद्वानांना ते भांडी घासताना सापडत. फिलिप यांना यात फार गंमत वाटे. स्वतः ते अर्धीच दाढी करून लोकांसमोर जात, कारण लोक आपल्याला संत म्हणू लागल्याचे त्यांच्या कानी आले होते. १५८३ मध्ये मोठ्या नाइलाजाने ते नव्या जागी राहायला गेले, तेव्हा मांजर जुन्या खोलीतच राहिले, आणि त्याला रोज खायला घालण्याचे काम शिष्यांकडे आले.

२५ मे १५९५ रोजी ख्रिस्तशरीराचा सण होता. ऐंशी वर्षांच्या उंबरठ्यावर आलेल्या फिलिप यांनी त्या दिवशी मिस्सा केली, पापनिवेदने ऐकली आणि भेटायला आलेल्या प्रत्येकाला आत घेतले. मध्यरात्र उलटल्यावर त्यांनी प्राण सोडला. १२ मार्च १६२२ रोजी त्यांना संतपद मिळाले, ते फ्रान्सिस झेवियर यांच्याबरोबरच, एकाच समारंभात. सात चर्चची त्यांची यात्रा आजही रोममध्ये निघते. त्यांच्या मंडळाचे धर्मगुरू लोकांना घेऊन रात्री चालतात आणि पहाटेपर्यंत थोरल्या पवित्र मरियेच्या दारात पोहोचतात.