स्टुडिओत खाट, सोबतीला नर्स : ‘कंट्री म्युझिकचे जनक’ जिमी रॉजर्स कोण होते?

मे १९३३. न्यूयॉर्कमध्ये व्हिक्टर कंपनीच्या स्टुडिओत गायकासाठी खाट टाकली होती, सोबत एक नर्सही होती. एक गाणं रेकॉर्ड झालं की गायक खाटेवर पडायचा, दम परत आला की पुन्हा माइकसमोर उभा राहायचा. आठवडाभरात जिमी रॉजर्स यांनी अशी डझनभर गाणी पूर्ण केली. शेवटच्या रेकॉर्डिंगनंतर दोनच दिवसांनी, २६ मे रोजी, हॉटेलच्या खोलीत त्यांचा मृत्यू झाला. वय अवघं ३५.

इतका अट्टहास कशासाठी? उत्तर साधं आहे: पैशांसाठी. आपल्यामागे पत्नी आणि मुलीला काहीतरी राहावं, म्हणून.

रॉजर्स यांचा जन्म ८ सप्टेंबर १८९७ चा. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातलं मेरिडियन हे त्यांचं गाव, रेल्वेचं मोठं जंक्शन. आई लहानपणीच गेली. वडील रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीचे मुकादम होते. किशोरवयातच जिमी या टोळीला पाणी पुरवू लागले. तिथे कृष्णवर्णीय मजूर कामाच्या लयीवर गात. रॉजर्स यांच्या गाण्यांत पुढे जो ब्लूज ऐकू येतो, त्याचं मूळ इथे आहे.

नंतर ते गाडीवर ब्रेकमन झाले. डबे जोडायचे, सोडवायचे, ऊन-पावसात उघड्यावर राहायचं, असं हे अंगमेहनतीचं काम. १९२४ मध्ये क्षयरोगाचं निदान झालं. क्षयावरचं पहिलं प्रभावी अँटिबायोटिक, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं ते १९४३ मध्ये. तोवर विश्रांती, मोकळी हवा आणि चांगला आहार हाच उपचार होता. पण घरी पडून राहिलं तर चूल कशी पेटणार? रेल्वेची नोकरी झेपेनाशी झाली आणि उरलं ते गाणं. जी फुप्फुसं साथ सोडत होती, त्यांच्याच जोरावर कमवायचं होतं.

ब्रिस्टलमध्ये काय घडलं?

१९२७ च्या उन्हाळ्यात व्हिक्टरसाठी काम करणारे रॅल्फ पीअर ब्रिस्टल शहरात आले. या शहराच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध टेनेसी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांची सीमा जाते. टोप्यांच्या एका गोदामात त्यांनी तात्पुरता स्टुडिओ थाटला. रॉजर्स आपल्या बँडसह आले, पण रेकॉर्डवर नाव कुणाचं यावरून ऐनवेळी वाद झाला आणि बँड वेगळा झाला. ४ ऑगस्टला रॉजर्स एकटेच गिटार घेऊन बसले. दोन गाण्यांचे १०० डॉलर मिळाले. हे भांडण एका अर्थी त्यांच्या पथ्यावरच पडलं. त्याच आठवड्यात कार्टर फॅमिलीनेही तिथेच पहिलं रेकॉर्डिंग केलं. म्हणूनच या दिवसांना कंट्री संगीताचा ‘बिग बँग’ म्हटलं जातं.

खरं नशीब उघडलं नोव्हेंबरमध्ये रेकॉर्ड झालेल्या ‘ब्लू योडेल’ने. योडेल म्हणजे छातीतल्या आवाजातून एकदम वरच्या पातळ आवाजात उडी मारून परत येणं. ‘झुमरू’मधले किशोर कुमार आठवा, लगेच लक्षात येईल. रॉजर्स यांनी ब्लूजला हे योडेल जोडलं आणि रेकॉर्ड लाखोंनी खपली. पुढे याच नावाने क्रमांक लावलेली मालिकाच आली. १९३० मध्ये त्यातल्या नवव्या गाण्यात लुई आर्मस्ट्राँग यांनी ट्रम्पेट वाजवला. वर्णभेदाच्या त्या काळात रेकॉर्डच्या लेबलवर मात्र आर्मस्ट्राँग यांचं नाव नव्हतं.

पैसा आला तसा गेलाही. कोरड्या हवेसाठी टेक्सासमधील केरव्हिल इथे बांधलेलं आलिशान घर सोडून त्यांना सॅन अँटोनियोतल्या साध्या घरात यावं लागलं. आजारपणाचा खर्च होताच, त्यात महामंदीने रेकॉर्डची विक्री पार झोपवली. १९३१ मध्ये तर त्यांनी थेट आपल्या आजारावरच गाणं केलं, ‘टी. बी. ब्लूज’. ज्या रोगाचं नाव घ्यायलाही लोक कचरत, तो रोग ग्रामोफोनवर वाजू लागला.

जेमतेम सहा वर्षांत त्यांनी शंभरहून अधिक गाणी रेकॉर्ड केली. त्यांचा मृतदेह रेल्वेनेच मेरिडियनला नेण्यात आला. १९६१ मध्ये ‘कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम’ सुरू झालं, तेव्हा पहिल्या तीन नावांत त्यांचं नाव होतं.

त्यांच्या रेकॉर्ड केनियातही पोहोचल्या होत्या. १९५० मध्ये संगीत संग्राहक ह्यू ट्रेसी यांनी तिथल्या किप्सिगिस समाजाच्या मुलींचं एक गाणं ध्वनिमुद्रित केलं. त्याचं नाव ‘चेमिरोचा’. जिमी रॉजर्स या नावाचाच तो तिथला उच्चार. त्या गाण्यातला चेमिरोचा अर्धा माणूस आहे आणि अर्धा हरीण.