गहुलीचे वसंतराव

मी महागावचा. आमच्याकडे शेतीचा विषय निघाला की वसंतराव नाईक यांचं नाव निघतंच. शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीला, बंजारा शेतकऱ्याच्या घरात, १ जुलै १९१३ रोजी त्यांचा जन्म झाला. नागपूरला वकिली शिकून ते पुसदला आले आणि राजकारणात पडले. डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५, अकरा वर्षांहून जास्त काळ ते मुख्यमंत्री होते.

तेव्हा रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो मिळायचा. वसंतरावांनी संकरित ज्वारीचा ध्यास घेतला. राहुरी, अकोला, परभणी, दापोली इथे कृषी विद्यापीठे निघाली. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना त्यांनी उचलून धरली. फुकट धान्य वाटण्याऐवजी हाताला काम दिलं. त्यातून पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते झाले. आपण सिव्हिलवाले याला जलसंधारण म्हणतो. तेव्हा ती आधी पोटाची सोय होती.

पण एक गोष्ट मला खटकते. हायब्रीडला खत लागतं, पाणी लागतं. आणि आमच्याकडची बरीचशी कपाशी अजून पावसावरच. बियाणं शेतात पोचलं, पाणी मागे राहिलं. १८ ऑगस्ट १९७९ रोजी वसंतराव गेले. त्यांचं उरलेलं काम आपल्या शाखेचं आहे. तलावात गाळ साचला की पाणी जिरत नाही, हे आपण शिकलोय. १ जुलैला कृषी दिन करतोच, पण त्याआधी उन्हाळ्याच्या सुट्टीत आपापल्या गावचा पाझर तलाव एकदा मोजून या.